साष्टीचे पाद्रीगुरु : फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण

(पॉडकास्टच्या ताज्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

आजच्या भागात मी तुम्हाला एका इंग्रज माणसाची गोष्ट सांगणार आहे. पण इंग्रज म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो साहेब येतो ना, तो आज बाजूला ठेवा. हा माणूस हिंदुस्थानात आला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा जन्मही झालेला नव्हता. तो व्यापारी नव्हता, सैनिक नव्हता. तो पाद्री होता. 1579 साली गोव्यात उतरला, पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला आणि तिथल्याच मातीत मिसळला. आणि त्याने मराठीत सुमारे 11,000 ओव्या लिहिल्या.

हो, ओव्याच. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी.

फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ ही नावं तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकली असतील. परदेशी माणसाने मराठीचं कौतुक केलं, याचा आपल्याला आनंद होतो, एखादी ओवी भाषणात वापरली जाते आणि विषय तिथेच संपतो. पण हा माणूस इथे का आला, कुठल्या परिस्थितीत राहिला, त्याच्या लोकांनी त्याला कसं जपलं, हे सहसा सांगितलं जात नाही. आज ते सांगायचा प्रयत्न करतो. ही गोष्ट सगळी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात करू इंग्लंडपासून. स्टीफन्स यांचा जन्म साधारण 1549 सालचा, विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. त्यांच्या लहानपणी इंग्लंडचा राजधर्म दोनदा बदलला. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर तिथलं चर्च पुन्हा रोमपासून तुटलं आणि जुन्या कॅथलिक पद्धतीने प्रार्थना करणं हा गुन्हा ठरला. दंड, तुरुंग आणि पुढे पुढे तर फाशी. कॅथलिक धर्मगुरू वेष पालटून फिरायचे, श्रद्धाळू लोक त्यांना घरात लपवून ठेवायचे. चोरून प्रार्थना व्हायची.

तरुण थॉमस या लपंडावात होता. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाबरोबर तो त्याचा नोकर असल्याची बतावणी करून फिरत असे. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचं ठरवलं होतं. पण निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळपास तीस वर्षं तो या ना त्या तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले. 1575 च्या ऑक्टोबरमध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. आणि मित्राला विसरले नाहीत बरं का. तुरुंगात असलेल्या पाउंडलाही संघात घ्यावं म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे अर्ज केला, आणि तो मान्य झाला.

त्याच वर्षी त्याच आश्रमात आणखी एक इंग्रज तरुण दाखल झाला होता, हेन्री गार्नेट. तो पुढे गुपचूप इंग्लंडला परतला आणि 1606 साली लंडनमध्ये त्याला फासावर चढवलं गेलं. एडमंड कॅम्पियन हे दुसरे इंग्रज जेझुइट, त्यांना 1581 सालीच मारलं गेलं. म्हणजे बघा, स्टीफन्स यांच्या बरोबरीच्या माणसांपुढे रस्ते कुठले होते? परत जायचं आणि मरायला तयार राहायचं, नाहीतर कायमचं परदेशी व्हायचं. स्टीफन्स यांच्या वाट्याला दुसरा रस्ता आला.

4 एप्रिल 1579 ला ते लिस्बनहून जहाजात बसले आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला पोचले. साडेसहा महिने! पोचल्यावर दोनतीन आठवड्यांतच त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. ते पुढे हॅक्लुइट या इंग्रज संपादकाने प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. त्यात उडणारे मासे आहेत, वारा पडल्यावर तळपणारा समुद्र आहे, हिरड्या सुजून अंगाला सूज चढणारा खलाशांचा रोग आहे. त्या जहाजावर 27 माणसं गेली. पत्रातला तरुण सगळ्याकडे कुतूहलाने बघतो आहे. वडिलांशी पुन्हा भेट होण्याची शक्यता फारशी नाही, हे त्याला ठाऊकच असणार.

आता गोव्यात येऊ. स्टीफन्स यांची नेमणूक झाली साष्टीत. मुंबईजवळची साष्टी नव्हे, गोव्यातली. मडगाव, राय, कुंकळ्ळी, राशोल हा दक्षिणेकडचा भाग. तिथल्या धर्मकार्याची जबाबदारी जेझुइटांकडे होती.

आणि इथे थोडं थांबावं लागतं. कारण स्टीफन्स यायच्या बारा वर्षं आधी, 1567 साली, याच साष्टीत राशोलच्या किल्लेदाराने, दियोगु रॉद्रिगिश त्याचं नाव, देवळं पाडण्याची मोहीम चालवली होती. शेकडो देवळं गेली. आपण आज मंगेशीला जातो, कवळ्याच्या शांतादुर्गेला जातो. हे देव मूळचे तिथले नाहीत. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. ही गावं त्या वेळच्या साष्टीतलीच. भक्तांनी देव उचलले आणि खाडीपलीकडे, आदिलशाही हद्दीतल्या अंत्रुज महालात नेले. मागे राहिलेल्यांना सणवार, लग्नविधी जुन्या पद्धतीने करण्यावर बंदी आली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, 1560 पासून बसलेलं होतं. पोथ्या बाळगणंही धोक्याचं झालं होतं.

ज्या माणसाच्या देशात त्याचा धर्म बेकायदा ठरला होता, तो माणूस अशा ठिकाणी आला जिथे त्याच्याच धर्माच्या सत्तेने दुसऱ्यांचा धर्म बेकायदा ठरवला होता. हा विरोधाभास त्यांना जाणवला का? त्यांच्या मनात शिरून मी काही सांगणार नाही. पण त्यांच्या आयुष्याकडे बघताना मला तो विसरता येत नाही.

1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीत या सगळ्याचा भडका उडाला. चर्चसाठी जागा बघायला आणि क्रूस उभारायला पाच जेझुइट गावात गेले. त्यांचे प्रमुख होते रुडॉल्फ अक्वाविवा, काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतलेले. दुसरे होते पाशेकु, त्यांचा देवळं पाडण्याच्या कारवायांशी थेट संबंध होता. गावकऱ्यांनी पाचही जणांना ठार केलं, बरोबरच्या काही स्थानिक ख्रिस्ती लोकांनाही मारलं. नंतर पोर्तुगीजांनी बोलणी करायच्या नावाखाली गावच्या गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यांना मारून टाकलं. एक जण तेवढा निसटला, असं सांगतात.

मेलेल्या पाद्रींचे देह परत आणून त्यांना मूठमाती देण्यात फादर स्टीफन्स पुढे होते. चौतीस वर्षांचं वय. ते सगळे त्यांच्या रोजच्या सहवासातले लोक होते.

आज कुंकळ्ळीला गेलात तर दोन स्मारकं दिसतात. एक त्या पाच पाद्रींचं, ज्यांना 1893 साली रोमने धन्य घोषित केलं. दुसरं मारल्या गेलेल्या गांवकरांचं. आणि दर वर्षी शिगम्याच्या आसपास फातर्प्याला गेलेल्या कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गेची मिरवणूक छत्र्या नाचवत आपल्या जुन्या गावी परत येते. एकाच गावाने दोन्ही दुःखं सांभाळून ठेवली आहेत.

आता विचार करा. एवढं झाल्यावर एखाद्या पाद्रीने साष्टी सोडली असती तर? किंवा तिथे राहूनही लोकांपासून चार हात लांब राहिला असता तर? कुणी दोष दिला नसता. स्टीफन्स राहिले. आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीची हकिगत आहे. आणि त्याच पत्रात इथल्या भाषांबद्दलही लिहिलंय. इथल्या भाषा खूप आहेत, त्यांचा उच्चार कानाला गोड लागतो, आणि त्यांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते, असं ते कळवतात.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना हे पत्र फार मोलाचं वाटतं. कारण संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडलं ते 1786 साली. त्याच्या दोनशे वर्षं आधी साष्टीतल्या एका पाद्रीच्या कानाला ते जाणवलं होतं. पत्र छापलं गेलं विसाव्या शतकात, त्यामुळे त्याचा जगाला काही उपयोग झाला नाही, ते सोडा. पण मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. ज्या लोकांकडून आपली माणसं मारली गेली, त्यांच्याच भाषेला हा माणूस गोड म्हणतो आहे. आणि आपल्या लहानपणी शिकलेल्या अभिजात भाषांच्या शेजारी तिला बसवतो आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे साथीदार, हे इंग्रज व्यापारी, होर्मुझला पकडले गेले आणि कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. त्यांच्याकडे एलिझाबेथ राणीचं अकबराला लिहिलेलं पत्र होतं. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्स यांना जागा नव्हती, तिचेच हे लोक. तरीही त्यांची सुटका व्हावी, जामीन मिळावा म्हणून फादर स्टीफन्स यांनी खटपट केली. फिचने त्यांची ही मदत नमूद करून ठेवली आहे. पाद्री म्हणून माणूस कसा होता याचा यापेक्षा साधा पुरावा कुठला हवा?

आता मुख्य कामाकडे येऊ. साष्टीत बाप्तिस्मा झालेले लोक वाढत होते. त्यांची प्रार्थना लॅटिनमध्ये. प्रश्नोत्तरांच्या रूपातली धर्मशिकवण पाठ करायची. पण पूर्वी त्यांच्याकडे काय होतं? देवळातली पुराणं होती, कथा होती, संध्याकाळी बसून ऐकायच्या ओव्या होत्या. गोव्यात मराठी काव्याची जुनी परंपरा होती. कृष्णदास शामा यांचं ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ 1526 सालचं. जेझुइटांनी अभ्यासासाठी रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या, त्या वह्या आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. पोथ्या लोकांच्या घरातून गेल्या, आणि त्यांच्या नकला पाद्रींच्या अभ्यासिकेत राहिल्या. काय म्हणायचं याला!

ख्रिस्तपुराणातच एक प्रसंग येतो. मुलांना शिकवणी चालू असताना एक ब्राह्मण नवख्रिस्ती उठून पाद्रीगुरूंना विचारतो : आमची जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला-ऐकायला दुसरं पुराण का देत नाही? शिकवणीतले धडे चांगले आहेत, पण तेवढ्याने मन कसं भरावं?

हा प्रसंग खरोखर घडला की कवीने रचला, ते बाजूला ठेवू. स्टीफन्स यांनी तो प्रश्न आपल्या ग्रंथात येऊ दिला, हे मोठं आहे. तुम्ही आमचं काहीतरी काढून घेतलंत, हे वाक्य त्यांनी लपवलं नाही. आणि त्याचं उत्तर म्हणून पूर्ण पुराण दिलं. 36 अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, पहिलं पुराण आणि 59 अवस्वरांचं दुसरं. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माच्या आधीपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र.

भाषा कुठली घ्यायची, हाही प्रश्नच होता. गोव्यातल्या लोकांची बोली कोंकणी. पण काव्याची, पुराणाची भाषा मराठी. स्टीफन्स यांनी मराठी घेतली, मात्र जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि जागोजागी कोंकणी शब्द घातले. साध्या माणसाला कळायला हवं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ओवीसुद्धा आपली नेहमीची : तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. देव परमेश्वर आहे, मोक्षाला मुक्ती आहे. ज्या संकल्पनांना इथला शब्द चालणार नाही असं वाटलं तिथे पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द ठेवला. एकनाथ महाराज 1599 ला गेले आणि त्यानंतर सतरा वर्षांनी हा ग्रंथ छापला गेला. म्हणजे काळ तोच, छंद तोच. जमीन मात्र फार वेगळी.

आणि मराठीबद्दलचं त्यांचं प्रेम? ते तर ग्रंथाच्या सुरुवातीलाच ओसंडून वाहतं. फुलांच्या, रत्नांच्या, पक्ष्यांच्या उपमा देत ते या भाषेचं कौतुक करतात. कौतुक तर कुणीही करेल, यांनी तिच्यात आयुष्य घातलं. कोंकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्यांच्यामागे 1640 मध्ये छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून ओळखलं जातं. कोंकणीतली त्यांची ख्रिस्ती धर्मशिकवणही अशीच, मृत्यूनंतर, 1622 मध्ये आली.

छपाईची एक गंमत, किंवा खंत म्हणा. 1608 मध्ये त्यांनी रोमला जेझुइटांच्या मुख्य अधिकाऱ्यांना पत्र लिहून सांगितलं की इथल्या भाषेत, इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी किती वर्षांची इच्छा आहे. मलबारकडे तसं झालं होतं. अडचण अशी होती की युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरं पुरायची, आणि आपल्या लिपीत काना-मात्रा-जोडाक्षरं धरून सहाशे ठसे लागायचे! ते काही जमलं नाही. ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. म्हणजे मराठीतला हा पहिला मोठा छापील ग्रंथ देवनागरीत नव्हता.

तीन वर्षांनी, 1619 मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

आता तुम्ही विचाराल, लोकांचं त्यांच्यावर प्रेम होतं हे कशावरून? त्यांच्या वेळच्या साष्टीतल्या साध्या माणसांनी लिहून ठेवलेलं काही आपल्या हाती नाही. पण लोकांनी त्यांच्या पुराणाचं काय केलं, ते बघता येतं. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. चर्चमध्ये, घरी ते गायलं जायचं. मग काळ फिरला. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, ती हकिगत आपण जाणतो. त्या वेळचा व्हाइसरॉय होता कोंदी द आल्व्होर. त्यानेच पुढच्या वर्षी, 1684 च्या जूनमध्ये, फर्मान काढलं की तीन वर्षांत सगळ्यांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषेत पाद्रीगुरूंनी पुराण दिलं, ती भाषाच आता नकोशी झाली.

पण पुराण टिकलं. कसं? हातांनी उतरवून. इन्क्विझिशन, दुष्काळ, लढाया यांना कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबं गोवा सोडून कानडा किनाऱ्याला, मंगळूरकडे गेली. निघताना माणूस काय नेतो? भांडीकुंडी, दागिना, देवाची तसबीर. त्यांनी ही पोथीही नेली. पिढ्यान् पिढ्या तिच्या नकला केल्या. आज 1616, 1649, 1654 या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत सापडत नाही, पण हस्तलिखितं सापडली. त्यांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. पुढे लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे, हे मराठी संतसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक जस्टिन ॲबट यांच्या लक्षात आलं. 1956 मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. म्हणजे सहाशे ठशांची ती इच्छा तीनशे चाळीस वर्षांनी पुरी झाली.

छापील प्रती नष्ट झाल्या तरी ज्या ग्रंथाला लोक अडीचशे वर्षं हाताने लिहून जिवंत ठेवतात, त्याच्या कर्त्याबद्दल त्यांना काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको. कुणाच्या हुकमाने एवढं काम होत नाही.

शेवटी एक प्रश्न, जो मला हा भाग तयार करताना सतत छळत होता. अशा माणसाची आठवण कशी ठेवायची? काही जण म्हणतील, पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखाली आलेला धर्मप्रचारक, त्याचं कौतुक कशाला? आणि काही जण फक्त मराठीप्रेमी कवी म्हणून त्यांचा फोटो लावतील, कुंकळ्ळीचं नाव न घेता. मला दोन्ही अपुरं वाटतं. देवळं पडली, हे खरं आहे. स्टीफन्स ज्या व्यवस्थेचे होते तीच ते करत होती, हेही खरं आहे. आपला धर्म खरा आणि इतरांनी तो स्वीकारावा, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, तो त्यांनी कधी झाकला नाही. आणि याच माणसाने, आपलं घर, आपली भाषा कायमची सोडून, ज्या लोकांचं गाणं तुटलं होतं त्यांना त्यांच्याच ओवीत गायला काहीतरी दिलं, हेही तितकंच खरं आहे. त्यासाठी त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षं दिली.

कुंकळ्ळीच्या लोकांना दोन स्मारकं एका गावात ठेवता येतात. आपल्यालाही या सगळ्या गोष्टी एका गोष्टीत ठेवता यायला हव्यात.

पुढच्या खेपेला मंगेशीला गेलात, तर येताना थोडी वाट वाकडी करून राशोलपर्यंत जा. जुआरी नदीच्या काठचं शांत गाव आहे, जुनं सेमिनरी आजही उभं आहे. तिथेच कुठेतरी हातछापखान्यावर मराठी ओव्या रोमन अक्षरांत उमटत होत्या.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरी, ओळखीत कुणी ख्रिस्तपुराण गाताना ऐकलं असेल, तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.